भव्य रानजायफळ : एका दुर्मिळ वृक्षाची ओळख

१. प्रास्ताविक

जायफळ आणि जायपत्री हे मसाल्याचे दोन पदार्थ आपल्याकडे घरोघरी परिचयाचे आहेत. पुरणात किंवा श्रीखंडात जायफळ किसून घालतात. जायपत्रीचा उपयोग मसाल्यात आणि औषधात करतात. परंतु हे दोन्ही पदार्थ एकाच फळातून मिळतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पिकलेले फळ उकलले म्हणजे आत एक कठीण कवचाची बी दिसते. तिच्या गाभ्यास जायफळ म्हणतात आणि तिच्यावर गुंडाळलेल्या तांबड्या जाळीस जायपत्री म्हणतात. हा वृक्ष मूळचा इंडोनेशियातील बांदा बेटांचा. मिरिस्टिका फ्रॅग्रन्स हे त्याचे शास्त्रीय नाव असून आपल्या देशात त्याची लागवड केली जाते.

ह्या लागवडीच्या वृक्षाचे काही रानटी भाऊबंद सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यांत फार प्राचीन काळापासून वाढत आले आहेत. व्यवहारात त्या सर्वांना ‘रानजायफळ’ असे एकच नाव दिले जाते. वस्तुतः ते एक झाड नसून तीन प्रजातींतील निदान पाच जाती आहेत. त्यांतील काही जाती बऱ्याच ठिकाणी आढळतात. एक मात्र अतिशय दुर्मिळ आहे. तिचे शास्त्रीय नाव मिरिस्टिका मॅग्निफिका. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातील वनाधिकारी रिचर्ड हेन्री बेडम ह्यांनी तिला हे नाव दिले. ‘मॅग्निफिका’ ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘भव्य’ असा आहे. पुढील काळात काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी हा वृक्ष मिरिस्टिका फॅटुआ ह्या जातीचा एक प्रकार मानला. त्यामुळे जुन्या-नव्या ग्रंथांत त्याचा उल्लेख दोन्ही नावांनी आढळतो. ह्या पाठात आपण त्यास ‘भव्य रानजायफळ’ असे म्हणू.

हा वृक्ष अरण्यात दिसल्यास तो निश्चितपणे कसा ओळखावा, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

२. ओळख अचूक का असावी?

झाडाचे नाव चुकले तर झाडाचे काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. पुष्कळ बिघडते, असेच त्याचे उत्तर आहे. समजा, एखाद्या ओढ्याकाठच्या दलदलीत चाळीस रानजायफळे उभी आहेत. पाहणी करणाराने आपल्या वहीत ‘रानजायफळ, चाळीस झाडे’ एवढेच लिहिले. ती सर्व झाडे सामान्य जातीची असतील, तर ह्या नोंदीने फारशी हानी होत नाही. परंतु त्यांत पंधरा झाडे भव्य रानजायफळाची असतील, तर त्या एका ओळीने ती पंधराही झाडे दृष्टीआड झाली. उद्या तेथे चर खणून पाणी काढून देण्याचा आणि सुपारीची बाग लावण्याचा विचार निघाला, तर त्या जागेचे मोल दाखविणारा पुरावा कोणाजवळच राहणार नाही.

ह्या वृक्षाची बी वाळली की तिची उगवण्याची शक्ती लवकर नाहीशी होते. म्हणून धान्याप्रमाणे तिचा साठा करून ठेवता येत नाही. वृक्ष जेथे आहे तेथेच तो राखला पाहिजे. आणि राखण्यापूर्वी तो ओळखला पाहिजे.

३. हा वृक्ष कोठे वाढतो?

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर कमी उंचीच्या प्रदेशात, सदाहरित अरण्यातून वाहणाऱ्या लहान ओढ्यांच्या सखल खोऱ्यांत काही ठिकाणी गोड्या पाण्याची दलदल असते. पावसाळ्यात ती पाण्याने भरते आणि उन्हाळ्यातही तिचा चिखल सहसा पुरता वाळत नाही. अशा दलदलींत जायफळ कुलातील वृक्षांचे प्राबल्य असते. म्हणून त्यांना ‘मिरिस्टिका दलदली’ असे नाव पडले. केरळच्या दक्षिण भागातील अशा दलदलींचे वर्णन कृष्णमूर्ती ह्यांनी १९६० साली प्रसिद्ध केले. १९६८ साली चॅम्पियन आणि सेठ ह्यांनी भारतातील वनप्रकारांचे जे वर्गीकरण केले, त्यात ह्या दलदलींना स्वतंत्र स्थान मिळाले.

केरळात कुळत्तुपुळा, अंचल आणि शेंदुर्णी ह्या परिसरात ह्या दलदली विशेष आहेत. तरीही त्या राज्यातील सर्व दलदलींचे क्षेत्र मिळून सुमारे १५० हेक्टर एवढेच भरते. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील कत्तलेकान येथील दलदल प्रसिद्ध आहे. कन्नड भाषेत ‘कत्तले’ म्हणजे अंधार आणि ‘कान’ म्हणजे दाट सदाहरित रान. गोव्यात सत्तरी तालुक्यात ‘निरंकाराची राई’ ह्या देवराईत अशी दलदल आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील देवराईतील दलदलीची शास्त्रीय नोंद २०१८ साली झाली. ज्ञात दलदलींपैकी ही सर्वांत उत्तरेकडची म्हणून नोंदली गेली, आणि भव्य रानजायफळ हा तेथील प्रमुख वृक्ष आहे. नंतर महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. ग्रामस्थांनी देवाच्या नावाने राखलेले रान शास्त्राच्याही उपयोगी पडले, याचे हे एक चांगले उदाहरण होय.

पुष्कळ दलदली पूर्वीच भातखाचरांत आणि सुपारीच्या बागांत रूपांतरित झाल्या आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने भव्य रानजायफळाचा समावेश संकटग्रस्त जातींत केला आहे. सह्याद्रीबाहेर हा वृक्ष निसर्गतः कोठेही आढळत नाही.

४. पहिली पायरी : कुल ओळखणे

अनोळखी वृक्षासमोर उभे राहिल्यावर एकदम जातीच्या नावाकडे धाव घेऊ नये. प्रथम कुल, मग प्रजाती आणि शेवटी जाती, हा क्रम पाळावा. जायफळाच्या कुलास मिरिस्टिकेसी असे नाव आहे. फुले-फळे नसतानाही हे कुल पुढील चार लक्षणांवरून बहुधा ओळखता येते.

(१) फांद्यांची ठेवण. खोड सरळ वाढते आणि त्यापासून फांद्या जवळजवळ आडव्या, मजल्यामजल्यांनी निघतात. काटेसावरीच्या झाडातही अशीच ठेवण दिसते. परंतु काटेसावरीचे पान पंजासारखे संयुक्त असते.

(२) पाने. पाने साधी, अखंड कडांची, एकाआड एक आणि फांदीच्या दोन बाजूंस दोन रांगांत असतात. देठाच्या तळाशी उपपर्णे नसतात.

(३) चीक. सालीला बारीक इजा झाली की लालसर, रक्तासारखा दिसणारा चीक पाझरतो. कधी तो आरंभी फिकट असून थोड्या वेळाने लाल होतो. ह्या चिकावरूनच ह्या कुलातील एका वृक्षाला कन्नड भाषेत ‘रक्तमर’ म्हणजे ‘रक्ताचे झाड’ असे नाव पडले आहे.

(४) वास. पान चुरगाळले असता पुष्कळदा मंद सुगंध येतो.

ह्यांपैकी कोणतेही एक लक्षण एकटे पुरेसे नाही. लाल चीक बिबळ्यालाही असतो. पण बिबळ्याचे पान संयुक्त असते. चांदाड्याच्या फांदीतूनही लालसर रस येतो. पण त्याच्या पानाचा देठ ढालीच्या मुठीप्रमाणे पात्याच्या आतल्या भागास जोडलेला असतो. चारही लक्षणे एकत्र आढळली म्हणजेच कुलाचा निर्णय करावा.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. चीक पाहण्यासाठी खोडावर कोयत्याचा घाव घालू नये. पानाचा देठ किंवा कोवळ्या डहाळीचे टोक मोडणे पुरे होते. तसेच अनोळखी चिकाला बोट लावू नये. कत्तलेकानच्या दलदलीतून २०००  साली सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस ही नवी जाती वर्णिली गेली. ती बिब्ब्याच्या प्रजातीतील आहे, आणि बिब्ब्याच्या रसाने कातडीवर फोड येतात हे सर्वांस माहीत आहे. रानजायफळाच्या शेजारीच असा वृक्ष उभा असू शकतो.

५. दुसरी पायरी : मुळे पाहणे

दलदलीतील चिखलात हवा फार थोडी असते. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो. तो चिखलातून मिळत नाही. म्हणून येथील वृक्षांची मुळे वर येतात. हे दोन रीतींनी घडते. काही वृक्षांत खोडाच्या खालच्या भागापासून मुळे फुटून तिरकी जमिनीकडे येतात आणि तंबूच्या दोरांप्रमाणे झाडाला चारी बाजूंनी आधार देतात. ही आधारमुळे होत. दुसऱ्या काही वृक्षांत जमिनीतील मूळ वर येऊन वाकते आणि पुन्हा चिखलात शिरते. त्यामुळे वाकलेल्या गुडघ्यासारखा आकार दिसतो. ह्या गुडघ्यांवरील वल्करंध्रांतून, म्हणजे सालीवरील बारीक छिद्रांतून, हवा आत जाते.

भव्य रानजायफळाची आधारमुळे ठळक असतात. त्याचा नेहमीचा सोबती जिम्नॅक्रँथेरा कॅनरिका हा वृक्ष गुडघ्यासारख्या मुळांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु दलदलीत सर्वांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. कोणता गुडघा कोणत्या खोडाचा हे सांगणे पुष्कळदा अशक्य होते. शिवाय इतर रानजायफळांनाही ओल्या जागी आधारमुळे फुटू शकतात. म्हणून मुळांवरून झाड कोणत्या परिस्थितीत वाढले हे कळते. त्याची जाती ठरविण्यास मात्र अधिक पुरावा हवा.

६. तिसरी पायरी : पान

जातीच्या निर्णयाला पानाचे साहाय्य फार होते. भव्य रानजायफळाचे पान खरोखरच भव्य असते. ते साधारणपणे २५ ते ४५ सेंटिमीटर लांब आणि १० ते १५ सेंटिमीटर रुंद, जाड व चिवट असते. त्याचा तळ गोलसर किंवा किंचित हृदयाकृती असतो. वरची बाजू गुळगुळीत असते. खालच्या बाजूवर मात्र गंजाच्या रंगाची बारीक लव असते. मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंस निघणाऱ्या शिरा पुष्कळ, समांतर आणि खालून उठावदार दिसतात.

इतर रानजायफळांची पाने बहुधा ह्याहून लहान असतात आणि त्यांची खालची बाजू पांढुरकी, जणू राख फासल्यासारखी दिसते. पानाचे परीक्षण करताना एक दक्षता घ्यावी. रोपांची आणि सावलीतील कोवळ्या फांद्यांची पाने आकाराने फसवी असतात. त्यामुळे पूर्ण वाढलेल्या झाडाची निदान पाच-सहा पाने मोजावीत आणि त्यांतील सर्वांत मोठे व सर्वांत लहान अशी दोन्ही मापे लिहावीत. झाड उंच असेल, तर खाली पडलेली पाने घेता येतात. पण ती त्याच झाडाची आहेत याची खात्री करून घेतली पाहिजे.

७. चौथी पायरी : फूल

जायफळ कुलातील वृक्ष विभक्तलिंगी असतात. म्हणजे नरफुले एका झाडावर आणि मादीफुले दुसऱ्या झाडावर येतात. म्हणून एखाद्या झाडाला कधीच फळ धरत नाही एवढ्यावरून ते वांझ अथवा रोगट समजू नये. ते नरवृक्ष असेल. जेथे नरवृक्ष उरले नाहीत, तेथील मादीवृक्षही पुढची पिढी निर्माण करू शकत नाहीत. दुर्मिळ जातीच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

फुले लहान असतात. त्यांना निदले आणि प्रदले अशी वेगवेगळी मंडले नसतात. एकच परिदलमंडल असून त्याचे टोक सहसा तीन भागांत विभागलेले असते. नरफुलात पुंकेसर एकमेकांस जुळून एक स्तंभ होतो. हा स्तंभ आणि फुलाखालचा छदक, म्हणजे अगदी लहान पानासारखे उपांग, ह्या दोहोंवरून प्रजाती ठरते.

मिरिस्टिका प्रजातीत परिदल गडव्यासारखे असते, परागकोश स्तंभाला लांबीने चिकटलेले असतात आणि छदक परिदलाच्या अगदी तळाशी असतो. निमा प्रजातीत स्तंभाच्या टोकाशी चकती असून तिच्या कडेला परागकोश चांदणीच्या किरणांसारखे पसरलेले असतात. छदक फुलाच्या देठावर थोडा खाली असतो. जिम्नॅक्रँथेरा प्रजातीत छदक नसतोच. हे सर्व पाहण्यास एक साधे भिंग पुरते.

८. पाचवी पायरी : फळ आणि बी

फळ मांसल असून पिकल्यावर दोन शकलांनी उकलते. आत एकच बी असते. बीवरील पत्रीला शास्त्रीय भाषेत बीजोपांग म्हणतात. बी आडवी कापली तर आतील पुष्कात, म्हणजे बीच्या अन्नसाठ्यात, गडद रेषांची नक्षी दिसते. घरातील जायफळ कापूनही ही नक्षी पाहता येते. अशा पुष्कास रेषाभेदित पुष्क म्हणतात.

भव्य रानजायफळाचे फळ लांबट, सहा-सात सेंटिमीटरांचे आणि गंजाच्या रंगाच्या लवेने मखमली झालेले असते. मिरिस्टिका मलबारिका ह्या जातीचे फळही जवळजवळ ह्याच मापाचे व लवदार असते. तिची पत्री बाजारात ‘रामपत्री’ ह्या नावाने मिळते आणि खऱ्या जायपत्रीत भेसळ म्हणूनही मिसळली जाते. नुसते फळ पाहून ह्या दोन वृक्षांत घोटाळा होण्याचा संभव असतो. म्हणून फळासोबत पान अवश्य पाहावे. जिम्नॅक्रँथेराचे फळ गोल आणि सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचे असते. त्याच्या बीतील स्निग्ध पदार्थाच्या पूर्वी मेणबत्त्या करीत असत.

पिकलेले फळ उकलून रंगीत पत्री दिसू लागली की धनेश आणि मोठी रानकबुतरे तिकडे आकर्षित होतात. ती पत्रीसाठी बी गिळतात आणि पुढे दूरवर टाकतात. अशा रीतीने वृक्षाचा प्रसार होतो. वृक्षाखाली पडलेल्या सर्वच बिया गोळा करून नेल्या, तर नवी रोपे कोठून यावीत?

९. ओळखीची किल्ली

वरील लक्षणे एकत्र करून पुढील किल्ली तयार केली आहे. प्रत्येक क्रमांकाखाली दोन पर्याय आहेत. हातातील नमुन्याला जो पर्याय लागू पडेल, त्यापुढील निर्देश पाळावा.

१. (अ) पाने साधी, दोन रांगांत, उपपर्णे नाहीत. चीक लालसर : क्रमांक २ पाहा.
   (आ) ह्यांपैकी एकही लक्षण जुळत नाही : वृक्ष अन्य कुलातील.

२. (अ) पत्री जवळजवळ अखंड, फक्त टोकाशी किंचित चिरलेली. नरफुलातील परागकोश चांदणीसारखे : निमा ॲटेन्युएटा.
   (आ) पत्री खोलवर चिरलेली. परागकोश स्तंभाला लांबीने चिकटलेले : क्रमांक ३ पाहा.

३. (अ) फळ गोल, लहान, दाट लवेवाचून. फुलाला छदक नाही : जिम्नॅक्रँथेरा कॅनरिका.
   (आ) फळ मोठे, लवदार; छदक परिदलाच्या तळाशी : क्रमांक ४ पाहा.

४. (अ) पान २५ सेंटिमीटरांहून बहुधा अधिक लांब, तळ गोलसर किंवा हृदयाकृती, खालून गंजाच्या रंगाची लव : मिरिस्टिका मॅग्निफिका, म्हणजेच भव्य रानजायफळ.
   (आ) पान लहान, खालून पांढुरके : क्रमांक ५ पाहा.

५. (अ) फळ लांबट : मिरिस्टिका मलबारिका.
   (आ) फळ गोलसर : मिरिस्टिका बेडोमाय. जुन्या पुस्तकांत हिचा उल्लेख मिरिस्टिका डॅक्टिलॉयडिस असा केलेला आढळतो.

फुले अथवा फळे उपलब्ध नसतील, तर ही किल्ली शेवटपर्यंत चालविता येत नाही. अशा वेळी ‘मिरिस्टिका कुल, जाती अनिश्चित’ असे लिहावे आणि योग्य हंगामात पुन्हा जावे. अनुमानाने लिहिलेले नाव पुढे कोणीतरी सत्य मानतो आणि चूक एका वहीतून दुसऱ्या वहीत जाते.

१०. नमुना आणि टिपण

वाळविलेल्या नमुन्यात पान, शिरा आणि लव टिकून राहतात. परंतु चिकाचा रंग, पानाचा वास, फांद्यांची ठेवण, मुळांचा आकार आणि ताज्या पत्रीचा रंग ह्या गोष्टी नाहीशा होतात. म्हणून त्या जागेवरच लिहून ठेवाव्यात. टिपणात गाव, ओढा, तारीख, झाडाची अंदाजे उंची, छातीइतक्या उंचीवर मोजलेला खोडाचा घेर, पाणी साचले होते किंवा नाही आणि जवळ रोपे दिसली किंवा नाही, एवढे तरी असावे. दुर्मिळ वृक्षाच्या बाबतीत फांदी न तोडता खाली पडलेली पाने, फळे आणि एखादे छायाचित्र एवढ्यावर काम भागवावे. संरक्षित वनात जाण्यापूर्वी वनखात्याची, आणि देवराईत जाण्यापूर्वी ग्रामस्थांची अनुमती घ्यावी.

रोपांची नोंद विशेष महत्त्वाची आहे. मोठे वृक्ष अनेक दशके उभे असतात. त्यामुळे वरवर पाहता सर्व क्षेम दिसते. परंतु त्यांच्या खाली एकही रोप नसेल, तर ती राई आपल्या अखेरच्या पिढीवर उभी आहे असे समजावे.

११. समारोप

चिखलात उभे राहून एक पान मोजणे, एक फळ उकलून पाहणे आणि चार ओळी अचूक लिहिणे ही कामे लहान दिसतात. परंतु हेवाळे-बांबर्डे येथील वृक्षांची जाती ज्या दिवशी निश्चित झाली, त्या दिवसापासून त्या देवराईकडे पाहण्याची सर्वांची दृष्टी बदलली. वृक्ष पूर्वीही तेथेच होते. त्यांना नाव मिळाल्यावर त्यांच्या रक्षणाचा मार्ग मोकळा झाला. आपल्या परिसरातील ओढ्याकाठी, राईत, देवळामागच्या पाणथळ जागेत अशी कोणती झाडे आहेत, याचा शोध घेण्यास वाचकांनी ह्या किल्लीचा उपयोग करावा.

स्वाध्याय

१. बाजारातून आणलेले जायफळ आडवे कापून त्यातील रेषांची आकृती काढा.
२. जायपत्री आणि रामपत्री मिळवून त्यांचा रंग, वास आणि चिरांची खोली ह्यांची तुलना करा.
३. आधारमुळे आणि गुडघ्यासारखी मुळे ह्यांतील फरक सांगा. केवळ मुळांवरून जाती का ठरविता येत नाही?
४. एका राईत दहा मादीवृक्ष आहेत, परंतु नरवृक्ष एकही नाही. पुढील पन्नास वर्षांत त्या राईचे काय होईल, ते कारणांसह लिहा.
५. आपल्या शाळेच्या आवारातील पाच झाडे निवडून त्यांच्यासाठी वरीलप्रमाणे दोन-दोन पर्यायांची किल्ली तयार करा. ती दुसऱ्या विद्यार्थ्यास देऊन, तो योग्य झाडापर्यंत पोहोचतो किंवा नाही, ते पाहा.